नवा व्हॉल्व्ह

३.

“तीन,” बायकोने पुस्तकातून मोठ्याने वाचलं. “बॅटरीची काळी तार सोडवा.”

“सोडवली. पुढे?”

“पुढचंही मीच वाचू? तुमचा चष्मा काय शोभेला आहे?”

“हात तेलकट आहेत. पानं खराब होतील.”

“परवा सुईत दोरा ओवायला दिला, तेव्हाही हात तेलकटच होते.”

“तेव्हाही होते,” तो म्हणाला आणि बॉनेटखाली आणखी वाकला.

एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. एकाही मुलाला कधी खरचटलं नाही, बसलाही नाही. निवृत्त झाल्यावर घेतलेली ही जुनी गाडी महिनाभर अंगणात उभी होती. चालताना छान चालायची, पण पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बंद. आणि रविवारी लेकीला आणि चार महिन्यांच्या नातीला घरी आणायचं होतं. रस्ता चार तासांचा. जावयाने टॅक्सीचं नाव काढलं, तेव्हा याने फोनवरच त्याला झापलं होतं. माझी नात माझ्याच गाडीतून येईल.

आज शुक्रवार.

४.

“व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा विजेचा प्लग काढा. ओढू नका, खटका दाबा.” तिने पान बोटाने धरून ठेवलं. “हा व्हॉल्व्ह करतो तरी काय एवढं?”

“गाडी थांबलेली असली तरी इंजिनाला जगण्यापुरती हवा लागते. तेवढी हवा हा आत सोडतो. काजळीने चोंदला की संपलं.”

“म्हणजे धावताना ठणठणीत आणि थांबलं की बंद. कोणावर गेलीय ते कळतंच.”

तो हसला. हसता हसता त्याच्या बोटांनी खटका शोधला. डोकं त्याने दुसरीकडेच वळवलं होतं.

महिनाभर तो म्हणत होता, हा पार्ट कुठे मिळत नाही. काल ती स्वतःच दोन बस बदलून मिस्त्रीकडे गेली आणि घेऊन आली. खोका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवत म्हणाली, “मिळतो की.”

“सकाळी मोरीत काय घासत होतीस गं?” त्याने विचारलं. “तासभर नळ चालू होता.”

“पातेलं करपलं होतं. प्लग निघाला का?”

“निघाला.”

५.

“दोन स्क्रू सोडवा. जुना व्हॉल्व्ह हलवत हलवत बाहेर काढा. जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.”

स्क्रू हट्टी होते. पहिला सुटला, दुसऱ्याने त्याचा अंगठा सोलला. पण व्हॉल्व्ह आला बाहेर. अंगठ्याहून थोडा मोठा, टोकाशी काळाकुट्ट. त्याने तो बॅटरीवर ठेवला आणि नवा खोका उघडला. आतलं पाकीट तळहातावर तोललं.

“फडकं?” तो म्हणाला.

“हे काय, तुमच्या खांद्यावर.”

“हे ओलं आहे. आतून कोरडं आण. माझी जुनी बनियन चालेल. कपाटात, खालच्या कप्प्यात.”

“ती तुम्ही अंगावर घातलीय.”

“मग दुसरी आण. जा ना!”

ती गेली. जाताना पुस्तक उघडंच पालथं टाकून गेली.

७.

“आणली,” ती म्हणाली. “सहा वाचायचं राहिलं.”

“सहा झालं. सात वाच.”

व्हॉल्व्ह जागेवर बसला होता. स्क्रू आवळलेले होते. रिकामा खोका गाडीच्या टपावर होता. तिने बनियन घडी करून खोक्याशेजारी ठेवली. 

“प्लग लावा, बॅटरीची तार जोडा, इंजिन सुरू करा. ॲक्सिलरेटर दाबू नका.”

चावी तिने फिरवली. तो बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. इंजिन थरथरलं, सूर धरला, खोकलं आणि बंद पडलं.

“पुन्हा,” तो म्हणाला.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तर सूरही लागला नाही.

“नवा घालूनसुद्धा?” गाडीतून तिचा आवाज आला.

“म्हणजे रोग दुसराच आहे. घरच्या घरी नाही जमायचं आता.” त्याने हातातला पाना खाली टाकला. जरा जोरातच. “जावयांना फोन कर. म्हणावं, तुम्हीच आणा दोघींना टॅक्सीने.”

तिची समजूत कशी घालायची, याची दोन वाक्यं त्याने मनात जुळवून ठेवली होती. ती लागलीच नाहीत. फोन तिच्या हातातच होता.

“तुमचा शब्द मोडतोय, वाईट नाही ना वाटणार?” नंबर लावता लावता तिने विचारलं.

“वाटेल. पण करणार काय? गाडीच नाही म्हणते.”

६.

फोन झाल्यावर मागच्या खोलीत, हत्यारांच्या फळीशी, त्याने दार लोटून घेतलं आणि खिशातून पाकीट काढलं. नवा व्हॉल्व्ह. त्याने तो बसवलाच नव्हता; ती बनियन आणायला गेली तेव्हा जुनाच परत जागेवर घातला होता.

महिन्यापूर्वी चौकात सिग्नलचा लाल आणि मागच्या दुकानाच्या पाटीचा लाल एकमेकांत मिसळून गेला होता. सायकलवरची एक गणवेशातली मुलगी त्याला दिसली, ती चाकापासून हातभर अंतरावर. तिने वळून पाहिलं असेल. चेहरा त्याला दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, आता गाडी नको. तेव्हापासून नजरेसमोरचं मधलं सगळं धूसर होतं, फक्त कडेकडेचं तेवढं दिसायचं. दुसऱ्याच दिवशी गाडी बंद पडायला लागली, तेव्हा एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला बिघाडाचा आनंद झाला. बायकोला सांगायचं राहून गेलं. मग रोजच राहत गेलं.

पाकीट खिळ्यांच्या डब्यात तळाशी लपवायचं होतं. पण प्लॅस्टिक चुरचुरत होतं, म्हणून तो ते फाडायला गेला. फाटेना. त्याने पाकिटाच्या तोंडाशी बोट फिरवलं. तिथे टाके होते. बारीक, सारख्या अंतराचे, सुईने घातलेले.

त्याने दातांनी दोरा तोडला आणि व्हॉल्व्ह तळहातावर घेतला. वरून तो गुळगुळीत होता आणि त्याला कपड्यांच्या साबणाचा वास येत होता. टोकाच्या खाचेत त्याने करंगळी घातली. आत बोटभर जुनी काजळी होती.