आरशातली निळी भिंत

लोहाऱ्यातल्या नव्या घरात सामान लागलं आणि निर्मलाबाई भरदुपारी पहिल्यांदाच पलंगावर निवांत टेकल्या.

"आता आराम करा, आई," म्हणत सून चहा ठेवायला गेली.

समोर फुलसावंगीहून आणलेलं कपाट होतं. त्याच्या आरशात नवी पांढरी भिंत दिसायला हवी होती. दिसत होती गावच्या घराची निळी भिंत. त्या रिकाम्या घरात गेल्या पोळ्याला वारलेले त्यांचे मालक, विठ्ठलराव, एकटेच खोल्या धुंडाळत होते.

निर्मलाबाई धडपडत आरशाशी गेल्या. आरशात त्या नव्हत्याच.

"अवो, मी अठी आहो ना!" त्यांनी काच थोपटली.

विठ्ठलरावांनी अंगणात डोकावून पाहिलं आणि ते थकून उंबऱ्यावर बसले.

"काहून वं," ते हळूच म्हणाले, "मले न सांगताच गेली?"