गुरुवारचं पान

"तिसऱ्या ओळीत शाई पसरलीय," काका म्हणाले.

पुतण्याने मान खाली घातली. वर्तमानपत्राच्या छपाई यंत्रावर फोरमन होता तो. शाई पसरणं म्हणजे त्याच्या अब्रूचाच प्रश्न.

काकांनी भिंग पुढे सरकवलं. पान सहा, दर गुरुवारचं 'हवा-पाणी'. तीस वर्षं ते एकहाती भरत आले होते. तलाव, काठावरचा रंगाचा कारखाना, त्याचं लाल-निळं सांडपाणी. काकू गेल्या, गुडघे गेले, मजकूर मात्र कधी चुकला नाही.

"लोक काही बोलतात का रे?"

"बोलतात तर! परवा एका बाईंचा फोन आला. तलावाचं वाचून झोपच उडाली म्हणाल्या."

"चला, एक तरी जागी आहे."

फोन-बिन कुठला! दोन वर्षांपूर्वी यंत्राच्या घरघरीत संपादक "हवा-पाणी बंद!" एवढं ओरडून निघून गेले होते. पान सहावर आता त्याच कारखान्याची जाहिरात येई: निळाशार तलाव, वर पांढरेशुभ्र बगळे. एकट्या म्हाताऱ्याला हे सांगणार कोण? पुतण्याची जीभ रेटेना. त्या गुरुवारी सगळा अंक छापून झाल्यावर त्याने काकांचा आधीच आलेला मजकूर यंत्रावर चढवला, एकच प्रत काढली आणि स्वतः नेऊन दिली. काकांनी पुढचा मजकूर त्याच्याच हातात ठेवला. तेव्हापासून दर गुरुवारी एकच प्रत.

आता यंत्रच विकलं होतं. सोमवारी उचलून नेणार होते. म्हाताऱ्याने हाय खाल्ली तर? पुतण्याने चहाचा कप खाली ठेवला.

"काका, तुमचं पान कुणीच वाचत नाही. दोन वर्षं मी एकच प्रत काढतोय. तुमच्यापुरती."

काकांनी भिंग पुसलं. स्वच्छ होतं, तरी पुन्हा पुसलं.

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुणी? माझ्या तलावाखाली त्या रंगवाल्यांची जाहिरात लावायला निघाले, तेव्हा पान बंद करा म्हणून मीच लिहून दिलं होतं. आणि गुरुवारी बघतो तर, वर्ष वर्ष इकडे न फिरकणारा तू, पान घेऊन दारात उभा! मग काय, बसलो पुढचं लिहायला."