सुईण

धाड गावच्या सोजराबाईनं जन्मभर सुईणपण केलं. पासष्ट साली सरकारी दवाखान्यात सुइणींची शिकवणी झाली. नर्सबाई म्हणाल्या, "नाळ कापायचा विळा उकळून घ्या, नाही तर बाळाला धनुर्वात होतो."

सोजराबाईनं दबकत विचारलं, "आठव्या दिवशी लेकरू ताठ होते, दूध ओढत नाही, थेच का?"

"हो, तेच."

ती घरी न जाता एस.टी.नं थेट रोहिणखेडला लेकीकडे गेली. लेकीची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली होती. दोन्ही लेकरं आठव्या दिवशी गेली, आणि सासरचे लेकीलाच पांढऱ्या पायाची म्हणत.

"इंदे, तुह्यात खोट नाही व माय. लेकरं माह्या इळ्यानं गेली. म्या तो उकळला नव्हता."

इंदू म्हणाली, "पाणी उकळाले कितीसा वेळ लागला असता, माय?"