दुसरं ताट

जुन्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर रुपयाएवढा ओला डाग होता. त्या पानावर नायिका निघून गेलेल्या नवऱ्याचं ताट वाढता वाढता म्हातारी होते. ते वाचताना दर वेळी वाटायचं, ही मीच.

मी खामगावला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. डाग पंख्याखाली सुकवला की मिठाचे कण उरत. सूक्ष्मदर्शकाखाली ते चौकोनी दिसत. सकाळी डाग पुन्हा ओला. पुस्तक कपाटात, किल्ली माझ्याकडे. आणि माझे हे, दीपक, घर सोडून गेले तेव्हापासून मी एकदाही रडले नव्हते.

आज ते पान कोरडं होतं.

सासूबाईंच्या हट्टापायी मी रोजच्यासारखं ह्यांचंही ताट वाढलं. आम्ही दोघी जेवायला बसलो.

"दीपक्याच्या भाकरीवर पाणी काऊन सांडवलं वं?"

भाकरीच्या मधोमध रुपयाएवढी ओल होती. आमच्या डोळ्यांदेखत ती पसरत होती.

सासूबाईंनी हात आखडला. "तू रडून राह्यली का?"

मी डोळे चाचपले. कोरडे होते.

"नाही, आत्याबाई." कधीपासून ओठांत अडकलेलं बाहेर आलं. "हे आता येत नाहीत. मी उद्या डोणगावले, माहेरी चालली."