आत माणसं: शून्य

सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि पडद्यावर आकडा आला: मिक्सरच्या आत माणसं शून्य. ज्ञानेश्वरीनं आकडा पुन्हा वाचला. दोन मिनिटांपूर्वी तिथं दोन होती.

नागापूरच्या त्या पशुखाद्य कारखान्याची जावा भाषेतली संगणक प्रणाली तिनंच लिहिलेली. सफाईला आत उतरताना माणूस कार्ड लावी, आकडा वाढे. शून्य झाल्याशिवाय मिक्सर सुरू होत नसे. पण सर्व्हर बंद झाला की सगळं विसरून जाई. पुन्हा लॉगिन, पुन्हा कार्ड, वर कामगारांच्या शिव्या. म्हणून काल तिनं सोय केली. बंद होताना सर्व्हरनं चालू सेशन, म्हणजे त्या घडीची सगळी माहिती, डिस्कवर लिहून ठेवायचं, उठला की तिथून उचलायचं. कार्डांची नोंद तेवढी लिहिली जाईना. एररवर एरर. शेवटी बाईंनी त्या नोंदीपुढं ‘ट्रान्झियंट’ हा शब्द टाकला. म्हणजे, बाबा, ही सोडून बाकीचं लिही. एरर गेली, बाई खूश. आता काही हरवत नाही या भरवशावर आज तिनं भर कामात सर्व्हर बंद केला, आणि न लिहिलेली नोंद रिकामी होऊन परत आली. अति घाई संकटात नेई, हे रस्त्यावर रोज वाचत होती म्हणे!

ती जिन्यावरून धावत सुटली. खाली हिरवा दिवा लागला होता. ऑपरेटर सहादेवचा हात बटणाकडं निघाला होता.

“थांबा! दोघं आत आहेत!”

सहादेवनं हात मागं घेतला आणि आत हाक मारली. गोरक्ष बाहेर आला, अंगभर कोंडा. पाठोपाठ आसाराम. ज्ञानेश्वरीला रडूच फुटलं. आपल्या एका शब्दानं दोन संसार उघड्यावर पडले असते.

आसारामचा दुसरा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच ती म्हणाली, “करा चालू, सहादेवभाऊ.”

सहादेवचा हात अर्ध्यात थांबला. जनावराच्या घासाला पायताण लागू नये म्हणून इथली माणसं ते बाहेर काढूनच आत उतरतात. मिक्सरच्या तोंडाशी पायताणांचे तीन जोड होते.

“आजून कल्याण हाय आत,” तो म्हणाला. “ठेकेदाराचा मानूस, मॅडम. त्याला कुठं दिलंय तुमी कार्ड?”