गावची वाइन स्पर्धा

मुरियलने बाजारातून वाइन बनवायच्या साहित्याचा संच आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा घरी वाइन केली. रसात पुड्या टाकायच्या आणि महिनाभर थांबायचं, एवढंच काम. तरी शेवटी एक पुडी उरलीच. ती कधी टाकायची होती कोण जाणे. गावच्या प्रदर्शनातल्या घरगुती वाइनच्या स्पर्धेत इतरांच्या सहा बाटल्या काचेसारख्या नितळ होत्या, आणि हिची डबक्यासारखी गढूळ. आता चारचौघांत हसं होणार, हे तिला दिसतच होतं.

"अगं, उचल ती बाटली," नवरा क्लाइव्ह कुजबुजला. "परीक्षक म्हातारा माणूस आहे. त्याला काही झालं म्हणजे?"

तेवढ्यात परीक्षकांनी तिच्या वाइनचा घोट घेतलाच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बराच वेळ खोकत राहिले.

"माफ करा हो, मी परत नेते ती," मुरियल रडवेली होऊन म्हणाली.

"खबरदार!" म्हणत परीक्षकांनी पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड तिच्याच बाटलीपुढे ठेवलं.

"हिला? मग आमच्या वाइनमध्ये काय खोट होती?" बाकीचे सहाही जण उसळले.

"काहीच नाही, फार छान आहे. मीसुद्धा दर शनिवारी त्याच दुकानातून आणतो. घरी केलेली मात्र ही एकटीच आहे."