दामिनी आज घरी येणार

उदगीरच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली न लागली तोच वर्षाराणीनं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या, एका म्हातारीला हात देऊन वर घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, या की! सगळी दुनिया बसली, तुमी अजून खालीच!"

वीरण्णा फोन कानाला लावून कुजबुजत होता. ती बघतेय म्हटल्यावर फोन खिशात गेला.

"कोण होतं?"

"कोणी न्हाई. अडतीवरचा माणूस."

लबाड! अडतीवरच्या माणसाशी कुणी असं कुजबुजतं का? पण तिनं विषय सोडला. आज भांडायचं नव्हतं. आज डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की दामिनी घरी येणार होती! दिवाळीपासून नऊ वर्षांची लेक देगलूरला आत्याकडे. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "महिनाभर गोळ्या नेमानं, बाटली बंद. मग खुशाल आणा पोरीला." तो महिना आज भरला.

"मी सांगून ठेवते, तिथं खोटं बोलायचं न्हाई," ती म्हणाली.

"हाव," वीरण्णा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

खोटं बोलून जाईल कुठं? तिच्या नजरेतून काय सुटतंय! महिनाभर या माणसाचा डोळ्याला डोळा नाही. ती जरा हलली की हा उठून बसलाच. कपाटाची किल्ली करदोट्याला बांधलेली. दागिने आणि एटीएमचं कार्ड कुठं दडवलंय देव जाणे. परवा न्हाणीघराच्या कोनाड्यात हात घालताना तर तिनं त्याला रंगेहाथ पकडलं.

"काय शोधताय?"

"साबण बघून राहिलो."

अन् साबण त्याच्या दुसऱ्या हातात! हसावं की रडावं?

तिचं मात्र झकास चाललं होतं. लेक येणार म्हटल्यावर कुणाचे पाय जमिनीवर राहतील? दामिनीची खोली तिनं एकटीनं रंगवली. पिवळी. मग निळी छान दिसेल म्हणून निळी. आज पहाटेच उठून लाडू वळले, शेंगांची चटणी कुटली, गल्लीत सगळ्यांना सांगून आली. तुरीच्या धुरळ्यानं घसा तेवढा धरला होता. तिनं पर्समधून खोकल्याचं औषध काढून एक घोट घेतला. गाडीनं खड्डा खाल्ला तशी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी पदराआड खुळखुळली. तिनं ती मुठीत दाबून धरली. फिरकी काही दिवसांपासून नीट बसत नव्हती.

"आण, घट्ट करून देतो," वीरण्णा म्हणाला.

"शिवू नका!" ती म्हणाली. खरंच होतं ते. एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, घरात नवराबायकोचीही तीच रीत. त्याच्याही गळ्यात तशीच डबी होती. त्यानं मुकाट्यानं हात मागे घेतला.

आष्टामोडला तिनं सगळ्या गाडीला लाडू वाटले. कंडक्टरलाही दिला. लातूर येईपर्यंत घसा आणखी दोनदा ओला केला.

दवाखान्यात नंबर लगेच लागला. डॉक्टर बुद्धप्रियांनी फाईल उघडली.

"बोला, कसं चाललंय?"

"मी सांगते!" वर्षाराणी खुर्चीच्या टोकाला येऊन बसली. झोप नाही, चोरून फोन, किल्ल्या, कोनाडा, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरीणबाई मान हलवत राहिल्या. मग त्यांनी वीरण्णाकडे पाहिलं.

"बाटली?"

"घर पालथं घातलं, मॅडम. सापडली न्हाई."

"ऐकलं का?" वर्षाराणीनं टाळी वाजवली. "आपल्या तोंडानं सांगून राहिलेत!"

"आणि गोळ्या?"

"एक बी चुकली न्हाई," वीरण्णाच्या आवाजात महिन्यात पहिल्यांदा थोडा जोर आला. "रोज सकाळी पूजा झाली की तीर्थासंगं."

डॉक्टरीणबाई किंचित हसल्या. "गोळ्या नेमानं असतील, तर पोरीचं बघू आपण."

"येणार! माझी दामिनी येणार!" वर्षाराणी ताडकन उठली. आनंद तिच्यात मावेना. डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला ती टेबलावरूनच वाकली, पदर सरकला, डबीची फिरकी निसटली, आणि चांदीच्या झाकणाआडून महिनाभराच्या पांढऱ्या गोळ्या टपटप खाली पडत तिच्याच नावाच्या फाईलवर पसरल्या.